चुकीच्या उत्तराचा आवाज

केतकीला झोपायचं नाहीये. दुपारचा वरणभात अंगावर आलाय, पंखा गरगरतोय आणि दिवाणावर पाठ टेकल्याबरोबर डोळे आपोआप मिटायला लागलेत, एवढंच. कानात इअरफोन आहेत, छातीवर मोबाइल. संध्याकाळपर्यंत तिला ॲपमधला एक आवाज काढून टाकायचा आहे आणि त्या जागी दुसरा बसवायचा आहे.

नाशिकच्या एका छोट्या कंपनीत ती मोबाइल ॲपसाठी आवाज तयार करते. बटण दाबलं की टिक, पान उलटलं की सर्र. बटणाला आवाज नसला तर माणसाला वाटतं, दाबलंच गेलं नाही, आणि तो पुन्हा दाबतो. नव्या पोरांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवते. लहान मुलांच्या शब्दांच्या ॲपसाठी, बरोबर उत्तराला म्हणून, तिने स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. चुकीच्या उत्तराला नवऱ्याची जीभ वापरली.

शार्दूल बोलायचा कमी. भाजीतलं मीठ, चादरीची सुरकुती, केतकीचा पगार, केतकीच्या माहेरची माणसं, सगळ्यावर त्याचं एकच म्हणणं असायचं: च्च्. वाटी-चमच्याचं रेकॉर्डिंग चालू असताना तो दारात आला आणि तेवढंच करून गेला. जुई रांगत होती तेव्हा तो वारला. पुढे केव्हातरी केतकीने त्या रेकॉर्डिंगमधला तेवढाच तुकडा कापला आणि चुकीच्या उत्तराच्या बटणाला लावून टाकला. बस म्हणावं आता इथेच. ऑफिसात सगळे खूश झाले. "अगदी घरच्यासारखं वाटतं," साहेब म्हणाले.

आता जुई पहिलीत आहे आणि तिच्या शाळेने सोमवारपासून तेच ॲप वापरायचं ठरवलंय. बापाचं ते च्च् जुईने कळत्या वयात कधी ऐकलेलं नाही. पुढेही ऐकू नये, एवढीच केतकीची इच्छा आहे.

शेवटचं म्हणून ती बटण दाबते. च्च्. पुन्हा दाबते. या खेपेला आवाज जरा उशिरा येतो, आणि तो इअरफोनमधून येत नाही. स्वयंपाकघरातून येतो.

शार्दूल ओट्याला टेकून डब्यातली शेव खातोय.

"सादळलीय," तो म्हणतो.

"तू मेलायस, शार्दूल."

"म्हणून काय सादळलेली खायची?"

तो डबा झाकतो, झाकण नीट बसलंय का ते दाबून बघतो. पांढरा शर्ट तोच आहे, फक्त गुंड्या मागच्या बाजूला आहेत.

"दिवसभर नुसती बोलावणी येतात," तो म्हणतो. "कुठल्या तरी पोरट्याने मगरीच्या चित्राला माकड म्हणून बटण दाबलं, की चल शार्दूल, ऊठ."

"त्रास होतो?" केतकी विचारते. तिला हो ऐकायचंय.

"त्रास? अगं, जिवंतपणी मला तू एकटी होतीस. आता गावोगावची पोरं आहेत."

"मी तुला शिक्षा म्हणून लावलं होतं तिथे."

"केतकीबाई," तो हसतो, "शिक्षा द्यायलासुद्धा थोडी अक्कल लागते."

तिला दिवा मालवायचाय. ती स्विच दाबते. च्च्. मिक्सर चालू करते. च्च्. फ्रिजच्या बाजूला लिफ्टचं बटण आहे, ते दाबल्यावर फ्रिजचं दार सरकतं आणि आत पांढऱ्या फरशीचा लांबलचक हॉल आहे. माणसं भिंतीला धरून उभी आहेत. तिच्या हातात ओला रुमाल आहे. समोर विद्युतदाहिनीचं लोखंडी दार, आणि भिंतीवर हिरवं बटण.

"दाबा, बाई," कोणीतरी म्हणतं.

ती दाबते. काहीच वाजत नाही. ती पुन्हा दाबते.

"दोनदा," शार्दूल तिच्या कानाशी बोलतो. तो तिच्या मागे उभा आहे, आणि पुढे रुळांवर आडवाही आहे, नाकात कापूस घालून. "एकदा पुरे असतं गं माणसाला."

"आवाज आला नाही. मला वाटलं, दाबलंच गेलं नाही."

"तसं वाटलं? की खात्री करून घेत होतीस?"

रुमालातून पाणी ठिबकतंय.

हॉलमधली माणसं आता नाहीत. त्या जागी शाळेतले बाक आहेत आणि बाकांवर मुलं बसलीत, माना मोडून, काहीतरी लिहीत.

"संध्याकाळी मी तुला काढणार," ती म्हणते. "जुईच्या कानावर पडायच्या आत."

"काढ की. कुठून काढणार?"

"फाइलमधून."

"आणि इथून?" तो तिच्या हनुवटीखाली बोट लावतो. बोट बर्फाच्या ट्रेसारखं चिकटतं. "लाव जीभ टाळूला."

"नाही."

"राहू दे. जमणार नाही तुला. जमलंय काय आजवर?"

म्हणून ती करते. नुसतं त्याचं तोंड बंद करायला. च्च्.

"ओला आला. थुंकी गीळ आणि मग कर. मनात दया आणायची नाही."

ती पुन्हा करते. बाकांवरच्या सगळ्या माना एकदम आणखी खाली जातात.

"वा," शार्दूल म्हणतो. "माझ्यापेक्षा छान."

लग्नाच्या पहिल्या पोळीपासून ती या शब्दासाठी थांबली होती. पोळ्या गोल झाल्या, पगार वाढला, मुलगी झाली. शब्द आला नाही. आता आलाय तर छातीत ऊब पसरते, हावऱ्यासारखी. ती परत करते. वा. परत. वा. शार्दूल पाठ फिरवून हॉलच्या टोकाकडे चाललाय, पण हात वर करून दाद देतोय. शेवटच्या बाकावरची एक लहान मुलगी दर खेपेला मान वर करून केतकीकडे बघते. चेहरा ओळखीचा आहे. पण दाद येतेय, आणि केतकी थांबत नाही.

पंखा गरगरतोय. इअरफोन उशीवर घरंगळलेत. तोंडाला कोरड पडलीय, जिभेचं टोक हुळहुळतंय.

दिवाणाशेजारी जमिनीवर जुई बसलीय, युनिफॉर्ममध्ये, दप्तर अजून पाठीवर. शेजारच्या सोनवणेकाकूंनी तिला शाळेतून आणून किल्लीने दार उघडून दिलं असणार. तिच्या पुढ्यात चित्रकलेचा कागद आहे आणि भोवती खोडरबराचा काळा चुरा.

"आई, आता बरोबर आहे?"

"काय, बाळा?"

"आधी मी तुला काढलं होतं. झोपलेली. तर तू च्च् केलंस." जुई तक्रार करत नाहीये, झालं तसं सांगतेय. "मग मांजर काढली. मग नुसतं घर काढलं. तरी तू सारखं सारखं च्च् च्च् करत होतीस. मग मी काढलंच नाही काही. नुसतं खोडलं."

केतकी कागद उचलते. तो करड्या रंगाचा झालाय, मधोमध घासून घासून फाटलाय. तिचं बोट भोकातून पलीकडे जातं.

छान आहे गं, असं म्हणायला ती तोंड उघडते.

जुई पटकन खोडरबर उचलते.