मुकादमांचा संशय

“बरं. पण पाईप कुठं जाते?”

कुणी काहीही सांगितलं, की मुकादम आधी “बरं” म्हणत आणि मग हे विचारत. विचारताना समोरच्या माणसाकडे नाही, त्याच्या भिंतीकडे पाहत.

आपल्या नमस्कारावरही शंका घेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला सुरुवातीला त्यांची भीतीच वाटायची. बेसा नावाच्या वस्तीत गडर लाईनची पाहणी चालली होती आणि सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मी त्यांच्या हाताखाली फॉर्म भरत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर हे सरळ कॉलेजच्या सरांना सांगतील, असं वाटत राहायचं.

काम सांगायला सोपं आहे. गडर लाईन घरातल्या सांडपाण्यापुरती असते. लोक गच्चीवरचं पावसाचं पाणीही गुपचूप तिच्यात सोडतात. मग जोराचा पाऊस आला की लाईन तुडुंब भरते, आणि गल्लीच्या उताराला जे शेवटचं घर असतं, त्याच्या संडासातून सगळं वर येतं. आमच्या गल्लीत ते घर शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं होतं. आभाळ भरून आलं की त्या आधी मुलीला पलंगावर बसवत, मग मशीन चढवत.

मुकादमांचा कशावरच विश्वास नसे. सीताबर्डीच्या बाजारात रेनकोट घेताना त्यांनी बाटलीतलं पाणी शिलाईवर ओतून पाहिलं.

“काहून काका, भरोसा नाही काय आमच्यावर?” दुकानदार चिडला.

“तुयावर आहे. शिलाईवर नाही.”

माझी खोली त्याच गल्लीत होती, एका घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालकीण काकू मला रोज गरम पोळी देत. घरमालकांनी सांगितलं, “आपल्या गच्चीचा पाईप रोडच्या नालीत जाते.” मी फॉर्मात तसंच लिहिलं.

“तू पाहिलं काय?” मुकादमांनी विचारलं.

“हो.”

मी पाहिलं नव्हतं.

मग धुराचा दिवस आला. चेंबरचं झाकण काढून त्यावर पंखा बसवायचा आणि लाईनीत धूर सोडायचा. ज्या गच्चीच्या पाईपातून धूर निघेल, तिचं पाणी लाईनीत जातं. मुकादमांनी मला नेमकं आमच्याच गच्चीवर उभं केलं. मुद्दाम केलं का, ते मला आजही माहीत नाही.

धूर आला. पांढरा, अगदी सावकाश. घरमालक ओलं पोतं घेऊन तयारच होते. त्यांनी ते पाईपाच्या तोंडात कोंबलं.

“काही दिसलं नाही म्हण. तुले खोली पाहिजे ना?”

खालून हाक आली. “निघाला काय गा?”

“नाही, काका.”

त्या संध्याकाळी काकूंनी पोळीसोबत पाटोडीची भाजी दिली. मी ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात. हातात बादली, बादलीत हिरव्या रंगाचं पाणी.

“काल तर धूर नाही निघाला, मुकादम!” घरमालक म्हणाले.

“बरं. हवा असन.” मग माझ्याकडे वळून, “जाय, तूच ओत. मी खाली चेंबरपाशी उभा आहो.”

गच्चीवर मी एकटाच होतो. कोपऱ्यात कुंड्या होत्या. बादली तिथं रिकामी केली असती तरी कुणाला कळलं नसतं. गल्लीच्या टोकाला त्या ताई गळ्यात टेप अडकवून दारात उभ्या होत्या, चेंबरकडे बघत. मी पोतं ओढून काढलं आणि सगळं पाणी पाईपात ओतलं.

“आलं रे!” मुकादम ओरडले.

आठवड्याभरात पाईप तोडून नालीत वळवला गेला. घरमालकांनी मला दुसरी खोली पाहायला सांगितलं. पाहणी संपल्यावर मुकादम दुसऱ्या शहरात कामाला गेले. त्यांचा नंबर आता लागत नाही.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. मी जिना उतरून खाली आलो. “काका, काल मी...” एवढंच बोलू शकलो. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. फॉर्म माझ्यापुढे धरला. आदल्या दिवशीचा धुराचा रकाना त्यांच्या तिरक्या अक्षरात घरागणिक भरलेला होता. फक्त आमच्या घरापुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

पेन माझ्या हातात देऊन ते पुढच्या चेंबरकडे निघून गेले.