मलिद्याचं गाणं कोण उचलणार

१२ जानेवारीची गोष्ट. सकाळपासून मी मलिद्यासाठी पोहे निवडत होते आणि दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्राएली ज्यूंचा, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा प्रसाद. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलदोडा, भोवती पाच फळं. नवस माझा होता. यजमानांच्या गळ्यातली गाठ साधी निघाली तर दौंडच्या घरी मलिदा करीन, असं मी बोलले होते. गाठ साधी निघाली. ऑपरेशननंतर आवाज मात्र बसला.

स्वरतंतू शाबूत आहेत, पण वापरले नाहीत तर आवाज परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पुण्याच्या सिनेगॉगमध्ये पंचवीस वर्षं सणासुदीला गाणं सुरू करणाऱ्या माणसाला स्वतःचा घोगरा आवाज सोसेना. तीन महिने ते चहासुद्धा वहीत लिहून मागत होते. मी समजावलं, रागावले, शेवटी गप्प बसले. देवाने अर्धाच नवस ऐकला असं मनात यायचं, आणि तसं मनात आल्याची भीतीही वाटायची.

दुपारी फोन आला. पुण्याहून गायला येणारे गृहस्थ तापाने पडले होते. म्हणजे गाणारा गेला आणि दहावा माणूसही. दहा पुरुष जमल्याशिवाय आमच्यात जमातीची प्रार्थना पुरी होत नाही. पुण्याहून गाडी करून आठ पुरुष येणार होते, यजमान नववे. शेजारच्या नसीमभाभी खोबरं खवून द्यायला आल्या होत्या, त्यांच्यापुढे मी हे बोलून गेले. त्या म्हणाल्या, "शिरूरला माझ्या भावाच्या गॅरेजशेजारी तुमच्यातले एक मामा राहत्यात. फोन लावू का?" शिरूरला आमचं कोणी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. लावा म्हटलं. मामा येतो म्हणाले, पण मी भरवसा धरला नाही. गाण्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर घेतलं आणि स्पीकर शोधून ठेवला.

पाच वाजले तरी मामांचा पत्ता नव्हता. पाहुण्यांना परतायचं होतं. प्रार्थना नाही तर निदान गाणी होतील, म्हणून मी दिवा लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तिथंच फजिती झाली. आमच्या गाण्यांत एकाने ओळ म्हणून थांबायचं आणि सगळ्यांनी ती उचलायची असते. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबेना. आम्ही ओळ उचलतो तोवर पुढची येऊन आदळायची.

नणंद म्हणाली, "वहिनी, याची गाडी सुटतीय का काय?"

सगळे हसले. यजमान हसले नाहीत, ते उठून आतल्या खोलीकडे निघाले. आज हे उठले तर पुन्हा गाण्याला बसायचे नाहीत, हे मला कळत होतं. पण धरून बसवायला ते काही लहान मूल नव्हते.

तेवढ्यात दारात सत्तरी उलटलेले एक गृहस्थ दिसले. शिरूरची एसटी उशिरा सुटली म्हणाले. खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली.

"ते बंद करा, बाई. त्याला दम खाता येत न्हाई."

यजमानांचा हात धरून ते त्यांना घेऊनच खाली बसले आणि त्यांनी गाणं सुरू केलं. पट्टी इतकी खालची की मला वाटलं, हे चाल विसरले. तिसऱ्या ओळीला त्यांचा श्वास संपला. ते थांबले आणि यजमानांकडे बघत राहिले. मी हातातलं ताट घट्ट धरून उभी होते.

मग पातेलं खरवडावं तसा एक आवाज आला. यजमानांचाच होता. त्यांनी ओळ पुरी केली आणि आम्ही सगळ्यांनी ती जोरात उचलली, इतकी की त्यांचा आवाज आमच्यात मिसळून गेला. मग ते थांबले नाहीत.

दहा जणांची प्रार्थना पुरी झाल्यावर मलिदा वाढताना मी मामांना विचारलं, यांच्या आवाजाचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

"न्हाई ओ. मला दमा हाय. ह्याच्या वर जाताच येत न्हाई."

मी कामाची बाई आहे, खुणा शोधत बसत नाही. जे जमवता येत होतं ते सगळं मी जमवलं होतं, आणि ज्याची गरज होती ते माझ्या यादीतच नव्हतं. ते ज्याने पाठवलं त्याचे आभार. आपण कुठवर धडपडायचं आणि कुठे हात सोडायचे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान प्रार्थनेला उभे राहिले. मी चटणीसाठी लावलेला मिक्सर बंद केला. त्यांची ओळ अडखळत पुरी होईतो थांबले आणि स्वयंपाकघरातूनच 'आमेन' म्हटलं.