पाशांची तब्येत ठणठणीत!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, हसाच! माझी बायको गेले सहा महिने हसतेच आहे.

मला एक वाईट खोड आहे. एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे मला कबूलच करवत नाही. त्यात जगाचं राजकारण म्हणजे तर आमच्या घरचं कार्य! इथे आखातात शुक्रवारची सुट्टी; त्या दिवशी अझैब्यात मराठी मंडळी नाश्त्याला जमली की पोहे संपायच्या आत मी दोन तरी युद्धं मिटवतो.

तर आमच्या साइटवर ओरहान नावाचा तुर्की इंजिनियर आला. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या इंग्रजीत भूतकाळच नाही! सगळं आत्ता, या क्षणी चालू. एक दिवस चहा पिताना तो मला म्हणाला, “शहरात परकी फौज आहे. आमचे पाशा तिथला कारभार बघतात. लंडनचे पेपर त्यांच्याबद्दल फार वाईट लिहितात. तू वाचतोस?”

आता सांगा, ‘बाबा रे, कुठलं शहर?’ एवढं विचारायला माझं काय जात होतं? पण नाही!

“वाचतो म्हणजे काय, रोज वाचतो!” मी म्हणालो. “परिस्थिती गंभीर आहे.”

ओरहानचा चेहरा उजळला. “मग शुक्रवारी जेवायला ये! माझी आई आलीय. पाशा म्हणजे तिचा जीव की प्राण. पेपरात काय येतं, ते तिला सांग.”

घरी येऊन मोबाइल धुंडाळ धुंडाळ धुंडाळला. ना पाशा, ना फौज! शेवटी ठरवलं, म्हातारीला धीर द्यायचा, झालं. बायकोने श्रीखंडाचा डबा हातात दिला आणि बजावलं, “तिथे जास्त बोलू नकोस हं.”

सीबला ओरहानच्या घरी पोचलो. आई पंच्याऐंशीच्या तरी असतील. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ओरहानच्या तोंडून त्यांनी विचारलं, “काय लिहितात माझ्या पाशांबद्दल?”

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की माझी जीभ सुटते.

“आजी, अजिबात काळजी करू नका! आजच सकाळी रेडिओवर पाशांचं बोलणं ऐकलं. आवाज खणखणीत, तब्येत ठणठणीत! महिन्याभरात घरी येतील, इन्शाल्ला!”

ओरहानने भाषांतर केलंच नाही.

“पाशा आईचे आजोबा,” तो हळूच म्हणाला. “ऐंशी वर्षं ते कबरीत आहेत.”

मग उलगडा झाला. तुर्क पहिलं महायुद्ध हरल्यावर इस्तंबूलमध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा बसल्या होत्या. त्या तिथे असतानाच तुर्की राष्ट्रवाद्यांनी पाशांना शहराचा कारभार बघायला पाठवलं. पेपर तेव्हाचे. शंभर वर्षांपूर्वीचे!

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यात आजी मुलाला ढोसत होत्या, हा काय म्हणाला ते सांग. त्याने सांगितलं.

मग आजींनी गंभीरपणे विचारलं, “त्यांचा खोकला कमी झाला का?”

आणि हसत सुटल्या. इतक्या, की डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसावे लागले. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं, असं मी काही सांगू शकत नाही.

मग त्यांनी कपाटातून खऱ्या कात्रणांच्या झेरॉक्स आणल्या. जेवण बाजूला राहिलं. मी वाचत गेलो, ओरहान सांगत गेला. एका पेपराने लिहिलं होतं, पाशा उद्धट आणि धोकादायक आहेत. दुसऱ्याने लिहिलं होतं, ते रस्त्याने निघाले की दुकानदार दुकानं सोडून रडत पुढे येतात. हे आजींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“वाईट लिहिलेलं राहू दे, आजी,” मी म्हणालो.

“का? तेही पुन्हा वाच. शत्रूने लिहिलंय, म्हणजे घाबरला असणार!”

निघताना मी हात जोडून माफी मागितली. आजी ओरहानला काहीतरी म्हणाल्या आणि तो पोट धरून खाली बसला.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणते, याला लंडनच्या पेपरात चिकटवून दे. खोटं तर तेही लिहितात, पण हा निदान प्रेमाने बोलतो!”