थांबवतं कोण?

मॅडमविषयी मी लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिकांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मॅडम आम्हाला नगरच्या फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायच्या. फळ्यावर एखाद्या औषधाच्या क्रियेची आकृती पूर्ण झाली की वाहन अडवणाऱ्या पोलिसासारखा खडूचा हात वर करायच्या आणि विचारायच्या, "सुरू झालं, कळलं. थांबवतं कोण?"

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याला एकच प्रश्न आयुष्यभर पुरतो. स्टाफरूममध्ये दोन सर भांडले आणि सुरुवात कोणी केली यावर सगळे बोलू लागले, तेव्हाही मॅडम म्हणाल्या, "ते राहू द्या. थांबवलं कोणी?" प्रयोगशाळेतले मामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मीच की! च्या आला म्हनलं, दोघं बी बसले."

पण मॅडमच्या प्रश्नाचं मूळ बेडकाच्या हृदयात होतं. प्रयोगात आम्ही ते हृदय एका हलक्या दांडीला जोडायचो. काजळी धरलेल्या कागदावर दांडीचं टोक ठोक्यांच्या पांढऱ्या रेघा काढायचं. औषधाचा थेंब टाकला की हृदय मंदावून थांबायचं, आणि मिठाच्या पाण्यानं धुतलं की लगेच पुन्हा चालू व्हायचं.

मॅडमला खटकायचं ते हे 'लगेच'. औषधाचा निरोप पेशीत पोचवणारं 'जी' नावाचं (इंग्रजी G) प्रथिन एकदा जागं झालं की आपलं आपणच झोपतं, असं पुस्तक सांगायचं. पण तेच प्रथिन वेगळं काढून परीक्षानळीत ठेवलं, तर झोपायला कितीतरी वेळ लावायचं. मग हृदय इतक्या चटकन कसं सावरतं? "त्याला झोपवणारं आणखी कोणीतरी आत असावं," मॅडम म्हणायच्या.

एकदा माझी आई सिव्हिल हॉस्पिटलला आली होती, ती डबा घेऊन कॉलेजातही आली. मॅडमला गाठून म्हणाली, "बाई, ह्यो नेमकं शिकतोय तरी काय?"

मी लाजेनं अर्धा झालो. मॅडमनी मात्र आईला स्टूल दिलं. "पटकी माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हाईत न्हाई व्हय? माझी थोरली भन त्यातच गेली. पानी थांबलंच न्हाई."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आतड्याच्या पेशीत एक कळ असते, दिव्याच्या बटणासारखी. पटकीचं विष ती चालूच ठेवतं, बंद होऊ देत नाही. तुमचा मुलगा ती कळ शिकतोय."

"मंग बंद करायचं शिकवा त्याला," आई म्हणाली.

मॅडम मोठ्यानं हसल्या. "अहो, ते मलाच पुरतं ठाऊक नाही!"

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. वडील शिर्डीला फुलांच्या दुकानावर कामाला होते. नापास झालास तर हार ओवायला ये, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "धुतल्यावर हृदय इतक्या लवकर का सावरलं?"

मी छाती काढून म्हणालो, "'जी' प्रथिनाला झोपवणारं दुसरं प्रथिन आहे, सर."

"कोणत्या पुस्तकात?"

"मॅडम म्हणतात."

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. माझं वर्ष आता मॅडमच्या हातात होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी 'असावं' म्हणते. हा 'आहे' म्हणाला. ह्या प्रश्नाचे गुण कापा." मी सामान आवरायला लागलो. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "आणि हृदय थांबवून पुन्हा चालू करायला सांगा. हात चांगला आहे त्याचा."

त्या हातावर मी पास झालो.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "राग आला?"

"नाही, मॅडम."

"येऊ दे की. पण पुरावा नसताना माझ्या नावावर बोलू नकोस." मग काजळीचे हात पुसत म्हणाल्या, "तुझ्या वयाची असताना मी हाच विषय घेऊन एका मोठ्या सरांकडे गेले होते. ते म्हणाले, नसलेल्या वस्तूवर पीएच.डी. होत नाही. मग धरली ही नोकरी."

पुढे मी पुण्याला एम.फार्म.ला गेलो. तिथल्या ग्रंथालयात एक दिवस नव्या नियतकालिकात ते सापडलं. यीस्टमध्ये, एका बारीक कृमीत आणि माणसातही, 'जी' प्रथिनाला चटकन झोपवणारी प्रथिनं मिळाली होती. एक नव्हे, अख्खं कुटुंब! त्यांच्यात बिघाड झाला तर कोणकोणते आजार होत असतील, याचाही शोध सुरू झाला होता. मी झेरॉक्स काढली आणि मिळेल त्या एस.टी.नं नगर गाठलं.

प्रयोगशाळेत मॅडमच्या टेबलाशी एक तरुण सर बसले होते. मामांनी मला बाहेर आणलं.

"मॅडमनी नोकरी सोडली."

"का?"

"हैदराबादला गेल्यात, शिकायला. डाक्टर व्हायचंय म्हने. सुई टोचनारा न्हाई, दुसरा." मामांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "आसलंच कायतरी त्यांनी बी आनलं हुतं. दिवसभर हासत हुत्या. मंग रजा मागितली, ती मिळंना. दिला राजीनामा."

"ह्या वयात? राहतात कुठे?"

"पोरींच्या होस्टेलात. त्यांचे भाऊ केडगावला असत्यात, ते सांगत हुते. खोलीत एक पोरगी हाय, माझ्या नातीयेवढी. ती मॅडमला यंत्रं चालवाया शिकवती. चुकलं की वरडती बी."

"मॅडमवर?"

"व्हय!"

"मग मॅडम काय म्हणतात?"

मामा हसले. "पुन्यांदा दाखीव म्हनत्यात."