स्प्रिंगवरचं लाल बोट

चिपळूणहून निघालो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं, तरी शेजारचे अण्णा आणि त्यांचा पुतण्या आमच्या अंगणात हजर होते. ताईला गाडीत बसवायचं म्हणजे उचलायला दोघं लागतात. एकानं तिच्या काखेत हात घालायचे, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली, आणि मी, तिचा धाकटा भाऊ, दार धरून "सांभाळून, सांभाळून" म्हणत राहायचं. ताईचे पाय गेले तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. अण्णा अगदी मायेनं उचलतात, पण ताई त्या वेळी डोळे घट्ट मिटून घेते. भाड्याची गाडी गल्लीबाहेर पडल्यावर म्हणाली, "सुधा, तांदळाचं पोतं झालंय माझं."

हा सगळा प्रवास त्या पोत्यासाठीच होता. आमच्या स्वतःच्या गाडीची मागची बाजू खाली घ्यायची आणि मागच्या दाराला उतरती फळी बसवायची, म्हणजे ताई आपल्या चाकांच्या खुर्चीसकट आपली आपण आत जाईल, असा बेत होता. चाकणजवळच्या निघोजे गावातले बबनराव अशा गाड्यांना बुटक्या स्प्रिंगा बनवून बसवतात असं कळलं, आणि गाडी त्यांच्याकडे पाठवली. आमच्या आरटीओनं या बदलाला परवानगी दिली, पण अट घातली: चाकण भागातल्याच तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र आणा, तरच नोंद होईल. नाहीतर नव्या स्प्रिंगा काढून जुन्या बसवा. जुन्या स्प्रिंगा म्हणजे पुन्हा अण्णा आणि पुतण्या.

कुंभार्ली घाटात धुकं होतं आणि आमचा ड्रायव्हर गप्पिष्ट होता. मला दोन्हींची भीती वाटत होती. ताई मात्र खिडकीतून बघत खुशीत बसली होती. थांबत थांबत संध्याकाळी वाकडला भाचीच्या घरी पोचलो. इमारत एवढी उंच की वर बघताना माझी टोपी पडली. ताई लिफ्टमधून खुर्चीसकट सुळकन वर गेली आणि गॅलरीतून खालच्या गाड्यांच्या रांगा बघत म्हणाली, "आभाळाएवढ्या उंच घरात मला एकटीला जाता येतं, आणि आपल्या अंगणातल्या गाडीत येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता एकदा बघण्यासारखा आहे, दोनदा नाही. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्या बसांमध्ये रात्रपाळी संपवून घरी निघालेली माणसं खिडकीला डोकी टेकून झोपलेली. इंद्रायणी ओलांडली ती ताईनं दाखवली म्हणून कळली. मी सिग्नल मोजून वैतागलो होतो.

निघोज्यात कंपन्यांच्या लांबलचक भिंतींमध्ये अजूनही बाजरीचे तुकडे उभे आहेत. अशाच एका तुकड्याच्या कडेला बबनरावांची शेड, आणि शेडला लागून घर. बबनराव पन्नाशीचे, अंगानं आडवे. पूर्वी ते इथल्याच एका कंपनीत होते.

"या राव, या. तुमची गाडी नवरीसारखी सजवून ठेवलीया," ते म्हणाले आणि मागचं दार उघडून फळी खाली सोडली.

ताईनं फळीकडे पाहिलं, खुर्चीच्या चाकांवर हात ठेवले आणि सरळ वर गेली. आत वळली. खाली आली. पुन्हा वर गेली.

"झालं का मनासारखं?" मी विचारलं.

"अजून एकदा," ती म्हणाली. तिचा असा चेहरा मी फार वर्षांत पाहिला नव्हता. मला एकदम फार बरं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली, की हे उद्या काढून टाकावं लागलं तर?

घराला तीन पायऱ्या होत्या. बबनरावांच्या आईनं त्या पायऱ्यांकडे आणि ताईकडे एकदा बघितलं, आत गेल्या आणि ताटंच बाहेर घेऊन आल्या. पिठलं, बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा (ठेच्याचा सख्खा भाऊ, पण रागीट). ताईनं गाडीत बसून खाल्लं, आईंनी खाली फळीवर बसून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते खर्ड्यामुळे, असं मी सांगितलं आणि ते निम्मं खरं होतं.

दुपारी बबनरावांसह तपासणी केंद्रावर गेलो. तिथल्या अधिकारी प्रज्ञा मॅडम तरुण आणि नेटक्या होत्या. वडील पिंपरीच्या कारखान्यात कामगार होते, तेव्हापासून घरात गाड्यांच्याच गप्पा, असं त्यांनी कागद चाळता चाळता सांगितलं. मग म्हणाल्या, "गाडी भरलेली धरून तपासायची असते. ताई, तुमचं वजन सांगा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "याच्यादेखत नाही. कानात सांगते."

मॅडम वाकल्या. ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या नाहीत याबद्दल ताईनं नंतर त्यांची फार स्तुती केली. तपासणीच्या वेळी ड्रायव्हरशिवाय कुणी आत बसायचं नाही असा नियम होता, म्हणून तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या एका जुन्या खुर्चीत पट्ट्यानं बांधल्या. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बघ सुधा, शेवटी पोतंच. पण निदान माझ्याऐवजी."

मग मॅडम बॅटरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरल्या, आणि तिथंच घोडं अडलं.

"बबनराव, डाव्या स्प्रिंगवर कागदातला नंबर कोरलेला आहे. उजव्या स्प्रिंगवर कुठंय?"

"हाय की. शेवटच्या वेढ्यावर, सपाट जागेला."

"तिथं लाल रंग आहे नुसता."

बबनराव वाकून बघायला गेले आणि वर आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. "आईचं बोट हाय ते."

प्रकार असा होता. शेडमधनं कुठलंही काम बाहेर जायच्या आधी त्यांच्या आई त्याला कुंकवाचं बोट लावतात. कुंकू पावसात धुऊन जातं म्हणून बबनरावांनीच त्यांना लाल ऑइलपेंटचा डबा दिला. "गोल वेढ्यावर बोट नीट उमटत न्हाई. म्हणून ती सपाट जागा बघती. मला ध्यानातच आलं न्हाई."

मॅडमना हसू आवरेना, पण नियम सोडेनात. नंबर वाचता आला नाही तर ही स्प्रिंग कागदावरचीच आहे हे कशावरून धरायचं? पात्यानं खरवडलं तर नंबरावर ओरखडे उठतील आणि खाडाखोड केल्यासारखं दिसेल. थिनर मागितला, तर भांडारवाला जेवायला गेलेला आणि किल्ली त्याच्या खिशात. चाचणीच्या रस्त्यावर आमची पाळी जवळ आली होती. ती गेली तर पुढची तारीख केव्हा, ते कुणाला सांगता येईना. बबनराव शर्टाच्या टोकानं कपाळ पुसत होते. मी मनातल्या मनात जुन्या स्प्रिंगा बसवून मोकळा झालो होतो, आणि मला रडू यायचं बाकी होतं.

"सुधा, माझी पर्स दे," ताई म्हणाली. तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढली. नखांचा रंग काढायचं औषध.

मी बघतच राहिलो. "हे तुझ्याकडे कशाला?"

"पायाच्या नखांना रंग लावते म्हणून. चालत नाहीत म्हणून नटू नये की काय त्यांनी?" ती मॅडमना म्हणाली, "कापसावर घ्या आणि हळू पुसा. घासू नका."

इतकी वर्षं एका घरात राहून मी तिच्या पावलांकडे कधी पाहिलं नव्हतं. मोज्यांच्या आत तिनं आपली हौस जपली होती. खड्ड्यातून वास आला, मग मॅडमचा आवाज आला. त्या एकेक आकडा मोठ्यानं वाचत होत्या आणि बबनराव कागदावर बोट ठेवून "व्हय, व्हय" म्हणत होते. शेवटचा आकडा जुळला तसे ते खालीच बसले.

गाडी चाचणीच्या रस्त्यावर गेली. उंचवट्यांवरून उड्या मारल्या, गर्रकन वळली, करकचून थांबली. वाळूची ताई जागची हलली नाही. खरी ताई तेवढा वेळ माझं मनगट धरून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र हातात पडलं. ते दाखवायला आम्ही आमच्याच गाडीनं निघोज्याला गेलो. आई बाजरीतून येताना आधी गाडीच्या मागे वाकल्या.

"बबन, माझं बोट कुनी पुसलं?"

बबनराव माझ्यामागे सरकले. ताईनं सगळं सांगितलं, आणि पर्समधून आता लालभडक रंगाची बाटली काढून पुढे केली. "आई, पुन्हा लावा. नंबर सोडून."

आईंनी तो चिमुकला कुंचला निरखला, रंग बोटावर घेतला आणि बबनरावांनी दाखवलेल्या जागी, नंबराच्या पलीकडे, बोट टेकवलं. मग बोटावर उरलेला रंग ताईच्या हाताच्या एका नखावर पुसला. "तुजं बी काम झालं," त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर बराच वेळ ताई ते एक नख बघत होती.

पुढच्या दिवशी घाट उतरून घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. अण्णा आणि पुतण्या अंगणात उभे होते, बाह्या सारलेल्या. मी मागचं दार उघडून फळी सोडली आणि सवयीनं "सांभाळून" म्हणालो. ताई उतरू लागली. अण्णांचे हात पुढे आले ते तसेच राहिले.

या वेळी तिनं डोळे मिटले नव्हते. फळीवरून खाली येताना ती सगळं अंगण बघत होती, जास्वंद, पायरी, अण्णांचे पुढे आलेले हात. त्या हातांपाशी येऊन तिनं खुर्ची थांबवली, ते आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "अण्णा, खूप उचललंत. आता चहाला चला."