शर्मिलाताईंचा उजवा हात

रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला, की शर्मिलाताई आगाशे रिक्षापुढे उभ्या राहत. मीटर पडेपर्यंत हलत नसत. टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी त्यांनी अशीच केली. निवृत्त झाल्यावर गळ्यात कॅमेरा अडकवून एकट्या हिंडायला लागल्या, तेव्हा ‘या वयात?’ असं विचारायची नातेवाइकांत कोणाची छाती झाली नाही. नाद होता बारवांचा. गावोगावच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, आत अंधार, तळाशी हिरवं पाणी. बाई कशाला भीत नाहीत, असं अख्खी आळी मानत होती.

बाई भीत होत्या. वर्षभर उजवा हात थरथरत होता. कप डाव्या हातात आला, सहीच्या वेळी चष्मा नेमका घरी राहू लागला, आणि चारचौघांत तो हात ओढणीखाली जाऊन बसू लागला. बारवेच्या अंधारात फोटो घ्यायला वेळ लागतो; तेवढ्यात हात हलला की पायऱ्यांचा नुसता धूर होतो. म्हणून बारवा बघणाऱ्या ग्रुपच्या मागच्या सहलीत घरातला जुना, जडशीळ ट्रायपॉड नेला, तर अर्ध्या वाटेवर तो दुसऱ्यांना वाहावा लागला. आता ग्रुपची स्पृहा, हिंजवडीत नोकरी करणारी, गोड आवाजात म्हणाली होती की या खेपेला ज्याने त्याने आपलं सामान आपणच उचलायचं, जमत नसेल त्याने पुढच्या वेळी यावं. गाडी उद्या पहाटे स्वारगेटहून. हलका ट्रायपॉड आज मिळाला नाही, तर एकतर घरी बसायचं, नाहीतर सगळ्यांदेखत हात उघडा पडायचा.

अलका चौकाजवळ शरच्चंद्र दात्यांचं कॅमेऱ्याचं दुकान. ते दुपारी एकला बंद होतं, आणि ताई शिरल्या तेव्हा दाते घड्याळाकडेच बघत होते. ताईंनी पिशवीतून घरचा ताणकाटा काढला आणि सगळ्यात हलका म्हणून दाखवलेला ट्रायपॉड त्याला टांगला. खोक्यावर छापलं होतं त्याहून वजन जास्त भरलं.

“वरचं डोकं, कॅमेरा बसतो ते, कंपनी वजनात धरत नाही,” दाते म्हणाले. “पुष्कळ गिऱ्हाइकांचंही धरता येत नाही.”

पायांचे एकात एक सरकणारे खण बारीक होत होत शेवटी पेन्सिलीएवढे झाले होते, तरी ताईंना हाच हवा होता. दात्यांनी शेजारचा सुचवला: थोडा जड, पाय जाडसर, पिशवी टांगायला खाली आकडा. महागाचा माल गळ्यात मारतोय, असं ताईंनी तोंडावर सांगितलं. मग म्हणाल्या, मी जवळच्या लकडी पुलावर लावून बघणार. बस गेली की पूल हलतो, तिथे टिकला तर खरा. दात्यांनी कळवलं की न विकलेली वस्तू दुकानाबाहेर जात नाही आणि विकलेली परत येत नाही. ताई दारातच उभ्या राहिल्या, रिक्षापुढे राहत तशाच. दात्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग दोन्ही ट्रायपॉड काखेत मारून त्यांनी शटर ओढलं.

पुलाच्या पदपथावर ताईंनी हलक्याचे सगळे खण ओढले, मधली दांडीही पार वर केली. बस गेली. फोटो धूसर. दात्यांनी दांडी खाली घेतली, बारीक खण आत ढकलले. पुन्हा धूसर. मग दुसरा उभा केला, त्याला ताईंचीच पिशवी टांगली. ताईंनी बटण दाबलं. फोटोत ओंकारेश्वराकडचा काठ दुहेरी दिसत होता.

“तुमचा मालच फालतू,” ताईंचा आवाज चढला. येणारे-जाणारे वळून बघू लागले. “दोन्ही भंगार. लोकांना फसवायला दुकान थाटलंय.”

दाते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. ते बटणावरच्या बोटाकडे बघत होते.

“बाई,” ते हळू म्हणाले, “पहिल्या फोटोनंतर बस गेलेलीच नाही.”

ताईंचा हात सवयीने ओढणीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो तसाच उघडा ठेवला.

“हलतो,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं. सांगा जाऊन कोणाला सांगायचं ते.”

“मला जेवायला जायचंय. सांगत कुठे फिरू?” दात्यांनी कॅमेऱ्यातला टायमर लावला. “दाबा, आणि हात काढून घ्या. तो आपला थांबून फोटो घेईल.”

टायमर ताईंना काही नवा नव्हता. कुटुंबाच्या फोटोत धावत जाऊन उभं राहायला तो लावायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आता त्यांनी दाबलं आणि हात कठड्यावर ठेवला. हात थरथरत राहिला. बारीक दिवा लुकलुकला, क्लिक झालं, आणि काठावरच्या पायऱ्या चिरान् चिरा स्पष्ट निघाल्या.

जाडसर पायांचा घेतला तर वजन पेलेल का, हा प्रश्न उरला. पिशवीतली दुसरी लेन्स त्यांनी बाहेर काढली. ती घरी राहील. मग तिथूनच स्पृहाला फोन लावला.

“सामान माझं मी उचलेन. पण उजवा हात थरथरतो माझा. बारवेत उतरताना उजवीकडे कोणीतरी लागेल. चालणार नसेल, तर तूच पुढच्या वेळी ये.”

पुलावरून एक बस धडधडत गेली. ताईंनी फोन कानाशी घट्ट दाबला.

“मी चालेन ना, काकू,” स्पृहा म्हणाली.

दाते ट्रायपॉडचे पाय मिटत होते. “चला,” ते म्हणाले, “बिल करून घ्या. एक वाजून गेला.”