दुसऱ्यांच्या पाण्याची वेळ

पुण्याची नोकरी गेली आणि मी गावी आलो, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं मी रजेवर आलोय. आमच्या माण तालुक्यात धडधाकट पुरुष दिवसाढवळ्या पारावर बसलेला दिसला की लोक एकच विचारतात, रजा किती दिवसांची? पुरुष म्हणजे पलटणीत, नाहीतर मुंबईत. घरी असतात ती म्हातारी माणसं, बायका आणि शेरडं. सुरुवातीला मी खरं सांगून पाहिलं, की कंपनीनं काढून टाकलं. त्यावर लोक असे गप्प व्हायचे की मलाच त्यांची समजूत काढावी लागायची. मग मीही सांगायला लागलो, रजा आहे, बघू किती मिळते.

घरी आबा, म्हणजे माझे वडील, एकटे होते. पंचायतीत क्लार्क म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाले. आई गेल्यापासून स्वतःचं स्वतः करून खायचे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर पोखरत आणली होती. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी येण्याआधी एकदा शेगडीवर हात भाजून घेतला होता आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. लोणंदची ताई म्हणत होती, तू पुण्याला परत गेलास तर मी आबांना इकडे आणते. ताईचं मन मोठं आहे, पण घर दोन खोल्यांचं, बाजाराच्या अंगाला. आबांना तिकडे जायचं नव्हतं. "मला माझ्या दारात बसू द्या," एवढंच ते म्हणायचे. म्हणजे सगळं अगदी सरळ होतं. गावात बसून करता येईल असं काम मला मिळालं तर आबा त्यांच्या दारात, नाही मिळालं तर मी पुण्यात आणि आबा लोणंदला. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे तिसरं कुणी बघणारं नव्हतं. का झालं नाही ते गावाला विचारा, गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

काम मिळायची एकच आशा दिसत होती, ती कवठे महांकाळकडे. तिकडे उपसा योजनेचं पाणी आलंय. कालव्याचं पाणी पाळीनं सुटतं आणि आपली पाळी कधी येणार हे शेतकऱ्याला नक्की कळत नाही. पाणी सोडणारा पाटकरी सांगेल तेव्हा कळतं, आणि पाटकऱ्याचा फोन लागेल तेव्हा तो सांगतो. तिथल्या एका पाणी वापर संस्थेच्या सचिवांशी माझी ओळख निघाली. मी म्हटलं, शेतकऱ्यानं मोबाइलवर जमिनीचा गट नंबर टाकला की त्याच्या पाळीचा दिवस आणि वेळ दिसेल असं करून देतो. सचिव म्हणाले, करून दाखवा. सभेत पटलं तर बाकीच्या संस्थाही घेतील, तुम्हाला बारमाही काम होईल. आमच्या गावात कालवा नाही, पाण्याची पाळी नाही, मुळात पाणीच नाही. आणि मी घरात बसून दुसऱ्यांच्या पाण्याची वेळ सांगणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

काम साधं होतं. वेबवरचं असलं पान आधीपासून तयार नसतं. कुणी गट नंबर विचारला की मुंबईतल्या कुठल्यातरी इमारतीतला भाड्याचा सर्व्हर माझी फाइल चालवतो आणि तिच्यातून जे बाहेर पडेल ते पान म्हणून मोबाइलवर पाठवतो. मी ते जुन्या पद्धतीनं केलं. एक लिनक्सचा सर्व्हर, ठरलेल्या फोल्डरमध्ये पायथॉन भाषेत लिहिलेली एक फाइल, बस्स. हल्ली असं कुणी करत नाही. माझ्या जुन्या कंपनीतल्यांनी पाहिलं असतं तर त्यांना हसू आवरलं नसतं. पण त्यांच्या पद्धतीला जेवढा मोठा सर्व्हर लागतो तेवढा मला परवडणारा नव्हता, आणि हसायला ते समोर नव्हते.

ही जुनी पद्धत भारी कटकटीची असते. फाइल योग्य फोल्डरमध्ये हवी. तिला चालवायची परवानगी दिलेली हवी. आणि फाइलच्या पहिल्या ओळीत, अगदी पहिल्या अक्षरापासून, एक ठरलेलं चिन्ह आणि पुढे पायथॉन सर्व्हरवर कुठे बसवलंय तो पत्ता हवा. ती ओळ वाचून सर्व्हरला कळतं की ही फाइल कुणाकडून वाचून घ्यायची. ती ओळ पहिली नसली तर त्याच्या लेखी तुमची फाइल म्हणजे नुसता कागद. यातलं एक जरी चुकलं तर तो काय चुकलं ते सांगत नाही. गुळमुळीत एकच वाक्य इंग्रजीत दाखवतो, की आत बिघाड आहे.

आबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. दिसायचं थोडं, पण दम निघायचा नाही.

"ह्या फायलीला परवानगी कोन देतं?"

"मीच."

"आन मागतं कोन?"

"मीच की, आबा."

"मग द्यायची कशाला? आमच्या हापिसात आसं आसतं तर निम्मी मानसं घरी बसली आसती."

मग ते विचारायचे, वर श्री लिहिलंस का? आबांनी आयुष्यात श्रीशिवाय कागद सुरू केला नाही. पंचायतीची टिपणं सोडाच, किराण्याच्या यादीवर श्री, शेरडांच्या औषधाच्या चिठ्ठीवर श्री. माझ्या शाळेच्या पाटीवर मी धडा लिहायच्या आधी वर त्यांचं श्री असायचं. मी म्हणायचो, "ह्यात न्हाई लिवत, आबा. मशीनला ते कळत न्हाई." ते म्हणायचे, "मशीनसाठी कुटं लिवतो आपन?" आणि उठून शेरडांकडे जायचे.

हळूहळू जमलं. गट नंबर टाकला की पाळी दिसायला लागली. सचिवांनी फोनवर दोन-चार नंबर टाकून पाहिले आणि म्हणाले, आता सभेत या. आबांनी शेजारपाजारी सांगून टाकलं, पोरगा आता हितंच ऱ्हातोय. त्यांना सांगू नका म्हणायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून माझं तोंड उघडलं नाही. खरं तर मीही मनातल्या मनात पडवीला पत्रा टाकून, टेबल मांडून बसलो होतो.

सभेच्या दिवशी सकाळी मी पानाच्या मथळ्यातला एक शब्द बदलला आणि फाइल तशीच उघडी ठेवून अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर वाडीच्या फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता. चालक ओळखीचा, पण तो किती थांबणार? ओल्या डोक्यानं फाइल सेव्ह करून सर्व्हरवर चढवली, लॅपटॉप मिटला आणि पळालो. आबा दारात उभे होते. "जा, जा. आज अडत न्हाई," असं म्हणाले. ते का म्हणाले ते मला संध्याकाळी कळलं.

संस्थेच्या हॉलमध्ये अध्यक्ष, सचिव आणि बरेच शेतकरी जमले होते. भिंतीवर पडदा लावलेला. सचिवांनी कौतुकानं माझी ओळख करून दिली, त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि एका शेतकऱ्याचा गट नंबर टाकला. पडद्यावर आलं ते इंग्रजी वाक्य. आत बिघाड आहे.

"काय म्हनतंय ह्ये?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत बिघाड आहे म्हणतंय," मी म्हणालो.

"आत म्हंजी कुटं?"

कुठेही असू शकत होता. मी लॅपटॉप जोडून सर्व्हरमध्ये शिरायला बघितलं, तर ऑफिसच्या नेटवर वेबशिवाय दुसरं काही चालतच नव्हतं. माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. मी हॉलच्या बाहेर आलो, रस्त्यावर गेलो, फोन वर धरून उभा राहिलो. आतले लोक खिडकीतून बघत होते. परत आत जाऊन दुसरा नंबर टाकला, तिसरा टाकला. तेच वाक्य.

शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी उठले. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. "आवं सायेब," ते म्हणाले, "पाळी हुकली तर द्राक्षाची बाग वाळून जाती. पाटकरी निदान सापडतो तरी. ह्ये बिघडलं तर आमी धरायचं कुनाला?" ते बरोबर होते. सभेनं ठराव केला की पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावं. मग त्यांनी मला आग्रहानं चहा पाजला. हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर विट्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथे रेंज आली. बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला आणि सर्व्हर स्वतःपाशी ठेवतो ती बिघाडांची नोंद वाचली. फाइल चालवताच येत नाही, असं त्यात होतं. मी फाइल उघडली. पहिल्या ओळीवर, मधोमध येईल अशा बेतानं रिकामी जागा सोडून, दोन दंडांच्या मध्ये लिहिलेलं होतं: श्री.

पायथॉनच्या पत्त्याची ओळ खाली दुसऱ्या ओळीवर गेली होती.

पंचायतीत कॉम्प्युटर आला तेव्हा आबा मराठी टायपिंग शिकले होते. मी न्हाणीत असताना त्यांनी लॅपटॉप नाकाला लावला असणार, एकेक बटण चाचपत वर गेले असणार, आणि लिहून झाल्यावर बाण होता तिथे खाली आणून ठेवला असणार. म्हणून मला काही दिसलं नाही. अंगठ्याएवढं अक्षरही धड दिसत नसलेल्या माणसानं ते किती जपून केलं होतं. मला राग यावा असं वाटत होतं, पण राग येईना. रडूही येईना. शेजारी एक बाई वडापाव खात होती, तिनं माझ्याकडे बघून पाण्याची बाटली पुढे केली.

मी ती ओळ काढली. पान लगेच चालू झालं. सभेत टाकलेला पहिला गट नंबर टाकला, आणि त्या शेतकऱ्याची पाळी दिवस-वेळेसकट समोर आली. मी सचिवांना फोन केला. ते भल्या माणसासारखं बोलले, पण म्हणाले, "आता ठराव झालाय हो. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षापर्यंत थांबायला माझ्याकडे काही नव्हतं.

घरी आलो तेव्हा आबा उंबऱ्यावर बसले होते. पावलांवरून ओळखलं.

"झालं का रं?"

"न्हाई झालं, आबा. तिकडचं नेट न्हाई चाललं."

त्यांनी सरकून मला उंबऱ्यावर जागा केली. मग म्हणाले, "म्हंजी आपल्याकडनं काय ऱ्हायलं न्हवतं."

"न्हाई."

"म्या सकाळी वर श्री लिवलं हुतं. तू न्हाणीत हुतास. म्हनलं, तेवढंच आपल्या हातनं. चाललं न्हवं?"

"चाललं की," मी म्हणालो. त्यांना दुसरं काही सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मला पुण्यात काम मिळालं, आधीपेक्षा हलकं. ताई जीप घेऊन आली. शेरडं शेजाऱ्यांकडे दिली. आबांनी दाराला कुलूप स्वतःच्या हातानं लावलं, ओढून बघितलं, आणि जीपमध्ये जाऊन बसले. लोणंदला त्यांना दार असं नाहीच. ताईच्या घराचा जिना थेट रस्त्यावर उतरतो, त्यामुळे ती त्यांना एकट्याला खाली सोडत नाही. दिवसभर खिडकीशी बसतात आणि बाजारातला गलका ऐकतात. आता नजर पुरतीच गेली आहे. येईल-जाईल त्याला सांगतात, पोराचं काम चोख हुतं, तिकडचं नेटच खराब. ताई मला हे फोनवर सांगते तेव्हा मी विषय बदलतो.

इथे पुण्याच्या ऑफिसात मी रोज नव्या फाइली लिहितो. दुसऱ्या ओळीवर, ज्याच्या पुढचं मशीन वाचत नाही अशा चिन्हानंतर, श्री लिहितो. एकदा एका सहकाऱ्यानं विचारलं हे काय, तर म्हटलं सवय आहे.

रविवारी आबांचा फोन असतो. जेवलास का, थंडी हाय का, आणि मग ठरलेलं.

"वर श्री लिवतोस न्हवं?"

"लिवतो की, आबा."

"मग अडनार न्हाई," ते म्हणतात, आणि फोन ताईकडे देतात.